चार 'ला' आणि एक मावशी

कंडक्टरच्या मशीनमधून आधी बायकोचं तिकीट निघालं, अर्धं. मग माझं, पूर्ण. आम्ही दोघं एकाच बाकावर बसलेलो, एकाच गावाहून एकाच गावाला निघालेलो. खिडकीसुद्धा तिच्याच वाट्याला. तरी पैसे मला दुप्पट. एसटीत 17 मार्च 2023 पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, पासष्टीच्या पुढच्या सगळ्यांना निम्मं आहे, आणि पंचाहत्तरी गाठली की 2022 च्या ऑगस्टपासून प्रवास फुकटच. मी चौसष्ट वर्षांचा. म्हणजे ना धड स्त्रीलिंगी, ना धड ज्येष्ठ. शब्दाच्या शेवटी 'ओ' आला की पुल्लिंगी, 'आ' आला की स्त्रीलिंगी, हा नियम मी त्याच आठवड्यात घोकत होतो. पण लिंग चुकलं की खिशाला भोक पडतं, हे स्पॅनिशच्या पुस्तकात कुठे दिलेलं नव्हतं.

हो, स्पॅनिशच. मुलगी वालेन्सियाला असते. नात तिथेच जन्मली, सात वर्षांची आहे. घरात मराठी बोलते, शाळेत स्पॅनिश बोलते आणि चिडली की दोन्ही. तिचं मराठी चांगलं असल्यामुळे मला स्पॅनिश शिकायची काही गरज नव्हती, आणि हे बायकोने मला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला सकाळी दहा ते पाच काहीतरी हिशोब लागतो. फोनवर एक शिकवणी लावली. तीन महिन्यांत मी 'हत्ती दूध पितो' आणि 'माझं कासव श्रीमंत आहे' ही वाक्यं न अडखळता म्हणू लागलो. 'संडास कुठे आहे' हा धडा पुढे आहे म्हणे.

नातीला हत्तीचं दूध पटलं नाही. तिने मला गृहपाठ दिला. एकच वाक्य करायचं. त्यात प्रवास हवा, वेळ हवी आणि एक माणूस हवं. 'बाबा, ती खरंच तपासणार आहे,' असं मुलीने मागून बजावलं.

प्रवास ठरलेलाच होता. मावशी तळोद्याला राहते, चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि दिवाळीपासून 'येतोस की नाही' म्हणून मागे लागली होती. रविवारी पहाटे पाचला नाशिकहून निघायचं, नंदुरबारला गाडी बदलायची, दुपारी तळोदा. मी अंधारातच वही उघडली आणि सटाणा यायच्या आत वाक्य तयार केलं: 'बॉय आ तालोदा आ लास थिंको आ बेर आ मि तिआ.'

फोड अशी. 'बॉय' म्हणजे जातो. लिहिताना 'व्ह' काढतात, म्हणताना 'ब'. 'मी' वेगळा लावावा लागत नाही, तो क्रियापदाच्या पोटातच असतो. 'लास थिंको' म्हणजे पाच वाजता. स्पेनमधले लोक तो शब्द दातांत जीभ धरून म्हणतात, लॅटिन अमेरिकेतले सरळ 'सिंको' म्हणतात. 'बेर' म्हणजे बघणं आणि 'मि तिआ' म्हणजे माझी मावशी. तळोद्याचा 'ळ' त्यांच्याकडे नाही, तो वाटेत सांडतो. राहिले ते चार 'आ'. एवढ्याशा वाक्यात चार वेळा 'आ' करायचा म्हणजे तळोद्याला चाललोय की दाताच्या डॉक्टरकडे, हेच कळेना.

या 'आ'चा मी इंग्रजीतून पिच्छा पुरवला. आमच्या पिढीचं सगळंच इंग्रजीतून. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकलेल्या वडिलांनी आम्हाला वाढवलं, त्यामुळे परका शब्द आला की आधी त्याला इंग्रजीच्या दारात उभा करायचा आणि मग घरात घ्यायचा. इंग्रजीत पहिल्या 'आ'चं 'टू' झालं, दुसऱ्याचं 'ॲट' झालं, तिसऱ्याचं पुन्हा 'टू' झालं. चौथ्याचं काहीच झालं नाही. मावशीच्या आधी तो नुसताच बसलेला, विनातिकीट. साक्री जाईपर्यंत मी त्याच्याकडे बघत होतो. बायको झोपली होती.

नंदुरबारच्या स्थानकावर साडेदहाच्या सुमारास उतरलो. तिथे 'स्थानक' हा शब्द वाचला आणि मला एकदम ज्ञान झालं. स्पॅनिशमध्ये स्टेशनला 'एस्ताथ्योन' म्हणतात. 'असणे' या अर्थाचं त्यांचं एक क्रियापद 'एस्तार', त्याचा मूळ अर्थ उभं राहणं. आपला 'स्था', त्यांचा 'एस्तार', इंग्रजांचा 'स्टँड', सगळे एकाच आजोबांची नातवंडं. तेव्हा 'एसटी स्टँड' म्हणणारा आणि 'बसस्थानक' म्हणणारा, दोघंही अर्धं स्पॅनिश बोलत असतात. मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ''उभे कशाला राहताय मग, बसा.''

बसलो. तळोद्याची गाडी लागलेलीच होती. बायकोने पिशव्या उचलल्या. मी म्हटलं, एक मिनिट, 'जाणे'ची रूपं म्हणून घेतो, गाडीच्या साक्षीने म्हटली की पक्की बसतात. बॉय, बास, बा. मी जातो, तू जातोस, तो जातो. बामोस म्हणजे आपण जातो. बाइस म्हणजे तुम्ही जाता. 'बान' म्हणजे ते जातात, असं म्हणून मान वर केली तर ते गेले होते. गाडी अगदी वेळेवर सुटली होती. तक्रारीला जागाच नाही. बायको काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याला सगळे काळ आणि सगळे अर्थ असतात.

पुढच्या गाडीला तासभर अवकाश होता. त्या तासाभरात मला स्पॅनिशमधलं सर्वात शहाणं क्रियापद सापडलं. 'एस्पेरार'. त्याचा अर्थ वाट बघणं, आणि त्याचाच अर्थ आशा करणं. 'एस्पेरो एल आउतोबुस', म्हणजे मी बसची वाट बघतोय. कोणती वाट आणि कोणती आशा ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. स्टँडवर फलाटाच्या कडेला वाकून वाकून बघणारे आम्ही सगळे दोन्ही एकदम करत होतो.

बसला शब्द मात्र एक नाही. स्पेनमध्ये आउतोबुस, मेक्सिकोत कामिओन, अर्जेंटिनात कोलेक्तिवो. क्युबात आणि कॅनरी बेटांवर बसला 'ग्वाग्वा' म्हणतात. चिलीत ग्वाग्वा म्हणजे तान्हं बाळ. तेव्हा 'मी ग्वाग्वाची वाट बघतोय' हे वाक्य हवानात म्हटलं तर लोक सरकून जागा देतात, सान्तियागोत म्हटलं तर पेढे मागतात. बस 'पकडणं' त्याहून अवघड. स्पेनमधला गृहस्थ बस 'कोखेर' करतो आणि ऑफिसला जातो. तेच क्रियापद मेक्सिकोत किंवा अर्जेंटिनात चारचौघांत काढलं तर पोरीबाळी उठून जातात. आपल्याकडे बस पकडा, धरा, गाठा. कुणाची हरकत नाही, फक्त ती थांबली पाहिजे.

गाडी आली. चढलो. पण पाटी नीट दिसली नव्हती आणि कंडक्टरचा पत्ता नव्हता. बायको म्हणाली, ''ही तळोद्याची नसली तर? जा, कंडक्टरला शोधा.''

मी कंडक्टरला शोधायला उतरलो आणि वाटेत वही काढली, कारण हा नियम परवाच लिहून घेतला होता. स्पॅनिशमध्ये 'बस शोधतो' म्हणायचं तर मध्ये काही लागत नाही. पण माणसाला शोधायचं असेल तर त्याच्या आधी 'आ' लावावाच लागतो. निर्जीव वस्तू नुसती, माणूस आला की 'आ'. त्यातही, कुणीही चालेल असा कंडक्टर हवा असेल तर 'आ' नको. ठरावीक, आपलाच, हरवलेला कंडक्टर हवा असेल तर 'आ' पाहिजे. हा काय विक्षिप्तपणा, असं मी समासात लिहिलं होतं. बिचाऱ्या परदेशी पोरांना किती त्रास होत असेल, असंही लिहिलं होतं.

कंडक्टर चहाच्या टपरीवर सापडला. ''हीच तळोद्याची, बसा बाबा,'' म्हणाला. मला त्याला सांगावंसं वाटलं की स्पेनमध्ये 'कोन्दुक्तोर' म्हणजे ड्रायव्हर, तिकडे तुम्हीच गाडी चालवली असती. पण ड्रायव्हर शेजारीच चहा पीत होता.

गाव सोडताना वाऱ्याबरोबर ठसका आला. नंदुरबारची मिरची. हंगामात गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडते, लांबून बघितलं तर जमिनीवर कुणी शालू पसरलाय असं वाटतं, आणि जवळ गेलं तर काहीच दिसत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. अख्खी बस शिंकली. या मिरचीचा आणि माझ्या व्याकरणाचा एक जुना संबंध आहे. 3 ऑगस्ट 1492 ला कोलंबस स्पेनच्या किनाऱ्यावरून हिंदुस्थान शोधायला निघाला. त्यानंतर पंधराच दिवसांनी, 18 ऑगस्टला, आंतोनिओ दे नेब्रिखा नावाच्या पंडिताचं स्पॅनिश भाषेचं पहिलं व्याकरण सालामांकात छापून झालं. म्हणजे एक जण चुकीच्या दिशेने जहाज घेऊन गेला होता आणि दुसरा 'जाणे'ची रूपं जुळवत घरी बसला होता. माझी कुळी दुसऱ्याची. कोलंबसाला हवी होती मिरी, सापडली मिरची. मिरीला स्पॅनिशमध्ये 'पिमिएन्ता' म्हणतात. मिरचीला नवा शब्द कोण शोधत बसणार, शेवटचा 'आ' काढून 'ओ' लावला, 'पिमिएन्तो'. बाईचा पुरुष केला, काम झालं. आपल्याला हसायला जागा नाही. पोर्तुगीजांनी ती मिरची आपल्याकडे उतरवली तेव्हा आपणही मिऱ्याच्याच 'मरिच'वरून 'मिरची' पाडली. दोन खंडांत दोन आळशी माणसांनी एकच युक्ती केली.

हातोड्याचा पूल आला. खाली तापी. हा पूल नव्हता तेव्हा प्रकाशावरून वळसा घालून यावं लागे, आता सरळ नदीवरून जाता येतं. बायकोने खिडकीतून हात जोडले. मी जोडता जोडता थांबलो. स्पॅनिशमध्ये बहुतेक सगळ्या नद्या पुल्लिंगी. एल एब्रो, एल ताखो, एवढी मोठी ॲमेझॉन, तीसुद्धा 'एल आमासोनास'. म्हणजे ही सूर्याची कन्या, तापीमाई, पूल ओलांडेपर्यंत सूर्याचे चिरंजीव झाले. उलट त्यांचा चंद्र बाई आहे, 'ला लुना'. आपला चांदोमामा तिकडे चांदोमामी. घरातली किती नाती बिघडतात याचा त्या लोकांनी विचार केलेला दिसत नाही. आणि नपुंसकलिंग तर त्यांनी नामांतून काढूनच टाकलंय. मूल, पोर, घर, गाव, यांना तिकडे गेल्यावर बाई की बाप्या ते ठरवूनच आत यावं लागतं.

माझ्या पलीकडे एक शेतकरी बसला होता. पायांशी गोणपाटात पपया. या पट्ट्यात शहादा-तळोद्याच्या बाजूला पपई, केळी, ऊस जिकडे तिकडे. त्याने माझी वही बघितली, मग मला बघितलं.

''कोठे चालना भाऊ?''

''तळोद्याला.''

''कोनाकडे?''

''मावशीकडे.''

''मावशीले देखाले तळोदाले चालना तर!'' असं एका दमात म्हणून त्याने मान हलवली. अहिराणीतलं ते ले-ले-ले कानाला इतकं गोड लागलं की मी ते वहीत लिहून घेतलं. का लिहिलं ते मला त्या वेळी कळलं नाही.

पुढे सातपुडा दिसायला लागला, निळा आणि शांत. त्यातच कुठेतरी अस्तंब्याचा डोंगर. दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमाराला लोक तिथे यात्रेला चढतात. अश्वत्थामा अजून तिथे फिरतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असं या भागात सांगतात. मला त्याच्यासाठी एक वाक्य सुचलं. 'इतका वेळ झाला, वाट बघतोय' हे स्पॅनिशमध्ये सांगताना 'येबो' म्हणतात, म्हणजे 'वाहतोय'. मी दोन तास वाहतोय, वाट बघत. आपण वेळ घालवतो, काढतो, मारतो. ते डोक्यावर घेऊन चालतात. अश्वत्थाम्याने ते क्रियापद वापरायचं म्हटलं तर त्याच्या डोक्यावर महाभारतापासूनचं ओझं येईल, आणि जखम तर तिथेच आहे.

या विचारात मी फोन बाकावर ठेवून दिला. शेतकऱ्याने तो उचलून माझ्या हातात दिला. ''संभाळा भाऊ.'' कोलंबियात याला एक म्हण आहे, 'नो दार पापाया', पपई देऊ नकोस. म्हणजे चोराला आयतं गिऱ्हाईक होऊ नकोस, सामान सांभाळ. मी त्याला कौतुकाने सांगितलं की तिकडे म्हणतात पपई देऊ नये. त्याचा चेहरा पडला. त्याने गोणपाटातून आमच्यासाठी एक पपई काढलेली होती, ती हातातच राहिली. मग बायकोने पुढे होऊन घेतली. ''यांच्याकडे लक्ष देऊ नका, यांना नातवंड झालंय,'' असं काहीसं म्हणाली. ती पपई पुढे मावशीकडे सगळ्यांनी खाल्ली. इतकी गोड पपई मी कोलंबियाच्या भरवशावर घालवणार होतो.

तळोद्याला उतरलो तेव्हा दीड वाजत आला होता. मावशी ओसरीत खुर्ची टाकून बसली होती. सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं तिने, त्यामुळे अजूनही येणारा माणूस वेळेवर आला की उशिरा, हे ती चेहऱ्यावरून ओळखते.

''एक गाडी चुकवलीस.''

''व्याकरण करत होतो, मावशी.''

''मग बरोबर आहे. बस.''

मी बसण्याआधीच वाक्य म्हणून दाखवलं. चारही 'आ' मोठ्याने. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं. मावशी म्हणाली, ''अर्थ सांग.''

''मी पाचला मावशीला बघायला तळोद्याला जातो.''

''बघायला? बघायला यायला मी काय अंथरूण धरलंय? आणि मुलगी बघायला यावं तर ते वयही गेलं. भेटायला म्हण.''

''त्यांच्यात बघायलाच म्हणतात.''

''बरं. आणि हे 'तिआ' म्हणजे मावशी?''

इथे मी खरं बोललो, ती चूक झाली. ''मावशी. म्हणजे आत्यासुद्धा. काकू, मामी, सगळ्यांना एकच शब्द आहे.''

मावशी खुर्चीत सरळ झाली. माझ्या मुंजीत आत्याने मावशीच्या जिलबीला 'चिवट' म्हटलं होतं. त्याला आता छप्पन्न वर्षं झाली. आत्या जाऊनही बारा झाली. पण प्रश्न तत्त्वाचा होता.

''मला आणि तुझ्या आत्याला एकच शब्द?''

''हो. शिवाय स्पेनमधली तरुण पोरं मैत्रिणीलाही 'तिआ' म्हणतात, आपण 'अगं' म्हणतो तसं.''

''म्हणजे रस्त्यावरची कुणीही?''

''कुणीही.''

''आणि असल्या भाषेत तू माझ्यावर वाक्य केलंस.'' ती थोडा वेळ सातपुड्याकडे बघत राहिली. मग मास्तरीण जिंकली. ''पुन्हा म्हण. सावकाश. आणि हा 'आ' 'आ' काय करतोस?''

मी सांगितलं की तेच तर कळत नाही. एक 'टू', एक 'ॲट', एक 'टू' आणि एक बिनकामाचा. माणसाच्या आधी 'आ' लावायचा त्यांचा विक्षिप्त नियमही सांगितला. मावशीने मला वहीच्या मागच्या पानावर मराठी वाक्य लिहायला लावलं आणि लाल पेन मागितलं. ते बायकोच्या पर्समध्ये निघालं. पाचला. मावशीला. बघायला. तळोद्याला. मावशीने चार गोल केले.

''मोज.''

मी मोजले. चार 'आ', चार 'ला'. एकास एक, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. जिथे जायचं तिथे 'ला', ज्या वेळी जायचं तिथे 'ला', ज्यासाठी जायचं तिथे 'ला', ज्या माणसाकडे बघायचं तिथे 'ला'. पहाटे पाचपासून मी इंग्रजीच्या दारात चौघांना उभं करून ठेवलं होतं, आणि ते माझ्याच घरातले निघाले. शेतकऱ्याने बसमध्ये सरळ माझ्या तोंडावर सांगितलं होतं, मावशीले देखाले तळोदाले. वहीत लिहूनही घेतलं होतं मी!

''स, ला, ते. स, ला, ना, ते,'' मावशी म्हणाली. ''द्वितीया आणि चतुर्थी. चौथीत तुझ्याकडून म्हणून घेतलं होतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत, याच ओसरीत. तू रडला होतास.''

''आणि माणसाचा नियम?''

''त्यात विक्षिप्त काय आहे? तू बस शोधलीस. बसला शोधलंस असं म्हणालास का? पण कंडक्टरला शोधलंस.'' मग तिने खास तळोद्याचं उदाहरण दिलं. इथे कालिकामातेच्या यात्रेत बैलबाजार भरतो. ''शेतकरी यात्रेत बैल बघायला गेला, म्हणजे विकत घ्यायला. कुठलाही, चांगला असला म्हणजे झालं. आणि शेतकरी बैलाला बघायला गोठ्यात गेला, म्हणजे घरचा बैल आहे, आजारी आहे. एवढं आपल्या पोरांना न शिकवता कळतं.''

बुस्को उन कोन्दुक्तोर, कोणीतरी ड्रायव्हर हवाय. बुस्को आल कोन्दुक्तोर, आपल्या ड्रायव्हरला शोधतोय. आणि स्पॅनिश माणूस आपल्या कुत्र्यालाही हा 'आ' लावतो, अगदी घरचा बैल असल्यासारखा. मावशीला हे सांगितल्यावर आत्याच्या बाबतीत स्पॅनिश लोकांना तिने थोडी सूट दिली.

मी आता पेटलो होतो. 'मला प्रवास आवडतो'! 'आ मि मे गुस्ता बियाखार'. तोही 'आ', तोही 'ला'. इंग्रज म्हणतो मी आवडवतो, जसं काही आवड त्याच्या हातात आहे. आपण आणि स्पॅनिश लोक कबूल करतो की प्रवास येऊन आपल्याला आवडतो, आपण नुसते सापडतो. आंबा आवडतो, आंबे आवडतात, गुस्ता, गुस्तान. क्रियापद आंब्यांकडे बघून बदलतं, माझ्याकडे ढुंकून बघत नाही. नेब्रिखापासून सगळ्यांनी शिकवलेलं व्याकरण मला मराठीत आधीच येत होतं. मावशीकडे मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आहे. मूळ ग्रंथ 1911 चा, तिच्याकडे नंतरची आवृत्ती. मी ते मागितलं. ते पलंगाच्या एका पायाखाली होतं.

''चांगलं पुस्तक आहे,'' ती म्हणाली. ''तीस वर्षं पलंग हललेला नाही.''

पानं वाढली. हिरव्या वांग्यांचं भरीत, कांद्याची पात, दादरची भाकरी. दादर हे इथे स्टेशन नाही, ज्वारी आहे. मी विजयाच्या भरात जाहीर केलं की भूकही 'ला'वाली असणार. मला भूक लागली, तर 'आ मि' काहीतरी. वहीत बघितलं. नाही. स्पॅनिशमध्ये 'तेन्गो आम्ब्रे'. माझ्याकडे भूक आहे.

''माझ्याकडे भूक आहे?'' मावशीने भाकरी थापता थापता विचारलं. ''कुठे ठेवतात?''

तहान, झोप, भीती, थंडी, सगळं त्यांच्याकडे असतंच. एकच 'तेन्गो', एकच कपाट, सगळं त्यात. आपल्याकडे भूक लागते, झोप येते, भीती वाटते आणि थंडी तर चक्क वाजते. त्यांचं वयसुद्धा मालमत्तेत धरतात, माझ्याकडे चौसष्ट वर्षं आहेत. ''असूनही तिकीट पूर्ण पडलं,'' बायको म्हणाली. दिवसभरात स्पॅनिशवर तिने केलेली ही एकमेव टिप्पणी.

दोन वाजून गेले. वालेन्सियात तेव्हा सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात ते साडेचार तास मागे असतात. मी वाक्य बोलून पाठवलं आणि वर आपल्या मनाने एक जोडलं, 'मि तिआ एस्ता बुएना', मावशी छान आहे. पहिला फोन मुलीचा आला.

''बाबा, ते दुसरं वाक्य परत कुठे म्हणू नका.''

''का? मावशी बरी आहे, असंच ना?''

''बरी आहे म्हणजे 'एस्ता बियेन'. चांगली आहे म्हणजे 'एस बुएना'. तुम्ही दोन्ही मिसळलंत. आता तुम्ही जे म्हणालात ते कॉलेजची मुलं कट्ट्यावर बसून म्हणतात.''

फोन स्पीकरवर होता. मावशी चौऱ्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा लाजलेली मी पाहिली. मग म्हणाली, ''बरी आणि चांगली यात गोंधळ करू नये, हे मीही त्याला शिकवलं होतं.''

मग नात आली, दात घासता घासता. तिने तपासलं. ''आबा, तू तर तळोद्यात पोहोचलास. मग 'बॉय' काय? 'फुई' म्हण.''

फुई म्हणजे मी गेलो. आणि फुई म्हणजे मी होतो. 'जाणे' आणि त्यांचं दुसरं 'असणे' यांचा साधा भूतकाळ स्पॅनिशमध्ये एकच, वाक्य ऐकून ओळखायचं. मला वाटलं मावशी यावर तरी भडकेल. ती भाकरी उलटत म्हणाली, ''ठीकच आहे की. आपल्यातही माणूस गेला की 'होता'च होतो.''

''आणि आबा, के तिआ? कुठली तिआ? आजीची बहीण, का आजोबांची बहीण, का...''

''बघ!'' मावशी म्हणाली. ''सात वर्षांच्या पोरीलाही पुरत नाही तो शब्द. सांग तिला, त्यांच्याकडे शब्द नसेल तर आपला घ्या म्हणावं. बटाटा, पपई, मिरची आपण घेतलीच ना त्यांच्या शेजाऱ्यांच्या जहाजांतून.''

नातीने दात घासायचा ब्रश बाजूला ठेवला, पाठ सरळ केली, शाळेत कविता म्हणतात तशी मान किंचित वाकडी केली आणि म्हणाली, ''बॉय आ तालोदा आ बेर आ ला मावशी.''

मावशीने कान पुढे केला. ''पुन्हा.''

''आ ला मावशी.''

मावशीने लाल पेनचं टोपण काढलं. ''ला आलाय,'' ती म्हणाली. ''पण शब्दाच्या आधी. अर्धा मार्क.''

''अर्धा का?'' नातीने स्वच्छ मराठीत विचारलं.

मावशीने चष्मा पुसला, खुर्ची फोनजवळ ओढली आणि सांगायला सुरुवात केली. आमची परतीची गाडी पाचला होती. गेली.